ऊन किती आणि ऊन कसले?

सौर विजेच्या पट्ट्या आता घरांच्या छपरांवर, शेतातील पंपांजवळ आणि शाळांच्या गच्चीवरही दिसतात. अशा पट्टीच्या मागील बाजूस एक चिठ्ठी चिकटवलेली असते. पट्टी किती वॅटची आहे हे तिच्यावर लिहिलेले असते, आणि त्याखाली बहुधा बारीक अक्षरांत तीन अटी असतात : १००० वॅट प्रति चौरस मीटर, २५ अंश सेल्सिअस आणि 'ए. एम. १.५'.

पहिली अट सरळ आहे. एक चौरस मीटर क्षेत्रावर दर सेकंदाला १००० जूल ऊर्जा पडेल इतका प्रकाश हवा. दुसरी अट पट्टीच्या तापमानाची. पट्टी तापली की तिची वीज कमी होते, म्हणून तापमान सांगावे लागते. पण ही तिसरी अट कशासाठी? प्रकाश किती पडतो हे एकदा सांगितले, मग आणखी काय सांगायचे उरले?

उरले ते असे की, तो प्रकाश कसला आहे. बाजारात दहा किलो धान्य घेतले एवढेच सांगून भागत नाही. ते तांदूळ आहे की साळ, हेही सांगावे लागते. वजन तेच असले तरी भात मात्र सारखा होत नाही. उन्हाचेही तसेच आहे. उन्हात अनेक तरंगलांबींचा प्रकाश मिसळलेला असतो. कोणत्या तरंगलांबीच्या वाट्याला किती ऊर्जा आली आहे, या वाटणीला उन्हाचे वर्णपटीय वितरण म्हणतात. ही वाटणी का मोजायची, कशी मोजतात आणि तिचा थोडाफार अंदाज शाळेत कसा घेता येईल, ते या लेखात पाहू.

लोलक आणि तापमापक

सूर्यप्रकाश लोलकातून गेला की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा रंगीत पट्टा मिळतो, हे तुम्हांला माहीत आहे. विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८०० साली या पट्ट्यातील निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवून पाहिले. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना पारा अधिकाधिक चढत गेला. तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे तर तो सर्वांत जास्त चढला. अशा रीतीने अवरक्त प्रारणाचा शोध लागला. पुढच्याच वर्षी योहान रिटर याने जांभळ्याच्या पलीकडे ठेवलेले सिल्व्हर क्लोराइड काळवंडते असे दाखवले. हे जंबुपार, म्हणजेच अतिनील प्रारण होय.

मग उन्हातील सर्वांत जास्त ऊर्जा तांबड्याच्या पलीकडे असते असे म्हणायचे का? येथे जरा थांबून विचार केला पाहिजे. लोलक सर्व रंग सारखे पसरवीत नाही. जांभळ्या बाजूचा प्रकाश तो ऐसपैस पसरवतो, तर तांबड्या व अवरक्त बाजूचा दाटीवाटीने बसवतो. त्यामुळे एकाच आकाराचा तापमापक जांभळ्या भागात थोड्याच तरंगलांबींची ऊर्जा घेतो आणि अवरक्त भागात पुष्कळ तरंगलांबींची. ही तुलना न्याय्य नाही.

यावरून मोजणीचा पहिला नियम निघतो. ऊर्जा सांगताना ती किती रुंदीच्या पट्ट्यातील आहे, हेही सांगितले पाहिजे. म्हणून वर्णपटीय वितरणाचे एकक 'वॅट प्रति चौरस मीटर प्रति नॅनोमीटर' असे असते. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एकअब्जांश भाग.) समजा ५०० नॅनोमीटरच्या आसपास ही किंमत १.५ आहे. तर ५०० ते ५१० या दहा नॅनोमीटरच्या पट्टीत दर चौरस मीटरला १.५ × १० = १५ वॅट इतकी ऊर्जा येते. अशा सर्व पट्ट्यांची बेरीज केली की एकूण ऊन मिळते. या पद्धतीने मोजले, तर उन्हाचा कळस अवरक्त भागात न येता ५०० नॅनोमीटरच्या जवळपास, निळ्या-हिरव्या प्रकाशात येतो.

वाटेत काय काय होते?

पृथ्वीच्या वातावरणाबाहेर, सूर्यकिरणांना काटकोनात धरलेल्या एका चौरस मीटरवर सरासरी सुमारे १३६१ वॅट पडतात. यालाच सौर स्थिरांक म्हणतात. हे ऊन जमिनीवर पोचेपर्यंत केवळ कमी होते असे नाही, त्याची वाटणीही बदलते.

वातावरणाच्या वरच्या थरांतील ओझोन वायू सुमारे ३०० नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी जवळजवळ पूर्णपणे गिळून टाकतो. हवेचे रेणू आखूड लहरींचे विकिरण अधिक करतात. हे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशापेक्षा नऊपटीहून अधिक विखुरला जातो. आकाश निळे दिसते आणि मावळता सूर्य लाल दिसतो तो यामुळेच. ऑक्सिजन ७६० नॅनोमीटरजवळ एक अरुंद पण खोल खाच पाडतो. पाण्याची वाफ ९४० नॅनोमीटरच्या आसपास एक रुंद खाच पाडते, आणि ११३०, १३८० व १८७० नॅनोमीटरजवळ आणखी काही. शिवाय धूळ आणि धूर यांचे परिणाम आहेतच. जमिनीवर मोजलेल्या वर्णपटाचा आलेख काढला, तर तो गुळगुळीत टेकडीसारखा न दिसता जागोजागी कोरलेल्या डोंगरासारखा दिसतो.

हवेचा थर जितका जाड, तितके हे परिणाम मोठे. सूर्य अगदी डोक्यावर असेल तेव्हा किरणांना हवेचा जो थर ओलांडावा लागतो, त्याला १ मानले आहे. सूर्य कलला की वाट तिरपी होते आणि थर जाड होतो. इंग्रजीत याला 'एअर मास' म्हणतात आणि चिठ्ठीवरील 'ए. एम.' ही त्याचीच आद्याक्षरे. ए. एम. १.५ म्हणजे दीडपट जाडीचा थर. सूर्य डोक्यावरून ४८.२ अंश कललेला असताना असे होते.

सावलीवरून हवेचा थर

हा आकडा काढायला कोणतेही महाग उपकरण लागत नाही. सपाट जमिनीवर १०० सेंटीमीटर लांबीची काठी ओळंब्याने उभी करा आणि सावली मोजा. काठी, सावली आणि काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंतची रेषा यांचा काटकोन त्रिकोण होतो. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण काढा आणि त्याला काठीच्या लांबीने भागा. उत्तर येते तोच एअर मास!

सावली ० सेंमी : एअर मास १.००
सावली ५० सेंमी : एअर मास १.१२
सावली ७५ सेंमी : एअर मास १.२५
सावली ११२ सेंमी : एअर मास १.५०
सावली १७३ सेंमी : एअर मास २.००

सूर्य क्षितिजाच्या फार जवळ असेल तेव्हा हे सूत्र चालत नाही, कारण पृथ्वी व तिचे वातावरण वक्र आहे. एरवी ते पुरेसे अचूक आहे. पुण्याचे अक्षांश सुमारे १८.५ उत्तर. २२ डिसेंबरला, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवशी, तेथे भर दुपारी सूर्य डोक्यावरून सुमारे ४२ अंश कललेला असतो. तेव्हा एअर मास फक्त १.३४ येतो. म्हणजे पुण्याच्या मध्यान्हीला तो वर्षभरात कधीच १.५ होत नाही. १.५ ची वेळ सकाळी आणि दुपारनंतर येते. मग प्रमाण म्हणून १.५ हाच आकडा का निवडला? त्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

सौर घटाची आवड-निवड

वाटणी बदलली तर बिघडते कुठे, हे समजण्यासाठी सौर घट प्रकाश कसा वापरतो ते पाहिले पाहिजे. प्रकाश हा फोटॉन नावाच्या कणांच्या रूपाने ऊर्जा देतो. एका फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये काढायची असेल, तर १२४० ला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागावे. सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मोकळा करण्यास किमान १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. फोटॉनजवळ याहून कमी ऊर्जा असेल तर तो वाया जातो. जास्त असेल तर एकच इलेक्ट्रॉन सुटतो आणि वरची शिल्लक उष्णतेत जाते.

४०० नॅनोमीटर : ३.१० पैकी १.९८ ची उष्णता
५५० नॅनोमीटर : २.२५ पैकी १.१३ ची उष्णता
७०० नॅनोमीटर : १.७७ पैकी ०.६५ ची उष्णता
१००० नॅनोमीटर : १.२४ पैकी ०.१२ ची उष्णता
१२०० नॅनोमीटर : १.०३, इलेक्ट्रॉन सुटतच नाही

बसचे तिकीट दहा रुपये असावे आणि वाहकाजवळ सुट्टे पैसे नसावेत, तसा हा प्रकार आहे. आठ रुपयेवाल्याला बसमध्ये घेत नाहीत. पंचवीस रुपये देणाऱ्यालाही एकच तिकीट मिळते आणि वरचे पंधरा बुडतात.

सिलिकॉनची मर्यादा १२४० ÷ १.१२, म्हणजे सुमारे ११०७ नॅनोमीटर. त्यापलीकडील अवरक्त प्रकाश त्याच्या उपयोगाचा नाही. प्रमाण मानलेल्या उन्हात असा निरुपयोगी भाग सुमारे एक-पंचमांश असतो. कॅडमियम टेल्युराइड या दुसऱ्या अर्धवाहकाची मर्यादा याहून अलीकडे, सुमारे ८५५ नॅनोमीटरवर येते. विल्यम शॉक्ली आणि हान्स क्वाइसर यांनी १९६१ मध्ये असाच हिशेब बारकाईने केला. त्यातून असे दिसून आले की, एकाच अर्धवाहकाचा साधा घट उन्हातील ऊर्जेच्या फार तर एक-तृतीयांश भागाची वीज करू शकेल. ही मर्यादा कारागिरीच्या दोषामुळे आलेली नाही. ती उन्हाच्या वाटणीतून आणि अर्धवाहकाच्या गुणधर्मातून आलेली आहे.

आता पावसाळी दिवसांतील दमट पण स्वच्छ हवेचा विचार करा. पाण्याची वाफ ९४० नॅनोमीटरजवळचा आणि त्यापलीकडचा प्रकाश खाते. त्यामुळे एकूण वॅट घटतात. पण कॅडमियम टेल्युराइडला तो प्रकाश नकोच होता! म्हणून जमिनीवर पोचलेल्या प्रत्येक वॅटमागे तो घट कोरड्या हवेतल्यापेक्षा अधिक वीज देतो. सिलिकॉनला हा फायदा कमी मिळतो. एकूण ऊन मोजणाऱ्या उपकरणाला यातले काहीच कळत नाही.

मोजणारी उपकरणे

एकूण ऊन मोजण्यासाठी पायरॅनोमीटर वापरतात. काचेच्या घुमटाखाली एक काळी चकती असते. जवळजवळ सर्व तरंगलांबींचा प्रकाश शोषून ती तापते आणि तिच्याखालील तपयुग्मे तापमानातील फरकाचे विद्युतदाबात रूपांतर करतात. काळ्या चकतीला रंगाची आवड-निवड नाही, हाच तिचा गुण आणि हीच तिची मर्यादा. 'किती' या प्रश्नाचे उत्तर ती देते, 'कसले' याचे देत नाही.

'कसले' याचे उत्तर शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न सॅम्युअल लँग्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने केला. सुमारे १८८० मध्ये त्याने बोलोमीटर हे उपकरण तयार केले. प्रकाश पडून प्लॅटिनमची अतिशय बारीक पट्टी तापली की तिचा विद्युतरोध बदलतो. ही पट्टी वर्णपटात सरकवून त्याने एकेका भागाची ऊर्जा मोजली. १८८१ मध्ये तो हे उपकरण घेऊन कॅलिफोर्नियातील माउंट व्हिटनी पर्वतावर गेला. सूर्य निरनिराळ्या उंचीवर असताना एकाच तरंगलांबीचा प्रकाश मोजायचा आणि त्यावरून हवेचा थर शून्य असता तर तो किती भरला असता हे काढायचे, ही त्याची युक्ती आजही वापरली जाते. त्याने काढलेला सौर स्थिरांक खऱ्या किमतीपेक्षा बराच मोठा होता, पण पद्धत टिकली.

आजच्या वर्णपट-प्रारणमापीत प्रथम प्रकाश एका पांढऱ्या विखुरकावर पडतो, म्हणजे सर्व दिशांचा प्रकाश योग्य प्रमाणात आत येतो. मग तो बारीक फटीतून जाऊन विवर्तन जालकावर पडतो आणि पसरतो. लोलकापेक्षा जालक अधिक समान पसरवते. शेवटी सिलिकॉनचा शोधक सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश मोजतो. त्यापुढे इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा शोधक लावावा लागतो. या शोधकांनाही आवड-निवड असते. म्हणून प्रत्येक तरंगलांबीला किती प्रकाश देतो हे अगोदर ठाऊक असलेला प्रमाण दिवा लावून उपकरणाची पारख करून घेतात. मोजमापातील विश्वास शेवटी या पारखीवर उभा असतो.

भारतात उन्हाच्या मोजणीचा पाया घालण्यात अण्णा मणी (१९१८-२००१) यांचा मोठा वाटा आहे. १९४८ मध्ये त्या पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात देशात प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारण्यात त्या अग्रेसर होत्या. वातावरणातील ओझोन मोजणारे भारतीय उपकरणही त्यांनी विकसित केले. भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचा त्यांचा संदर्भग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. देशात सौर वीज केंद्रे उभारण्याच्या कितीतरी आधी हे आकडे जमवून ठेवलेले होते.

सर्वांसाठी एक ऊन

दोन कारखान्यांनी आपापल्या गावच्या उन्हात पट्ट्या तपासल्या, तर कोणाची पट्टी चांगली हे ठरणार कसे? म्हणून शास्त्रज्ञांनी एक प्रमाण ऊन ठरवले आहे. २००३ मध्ये अमेरिकेत सुधारून प्रसिद्ध झालेल्या प्रमाण तक्त्यात तरंगलांबीगणिक किमती दिल्या आहेत आणि त्यांची बेरीज सुमारे १००० वॅट प्रति चौरस मीटर येते. यात एअर मास १.५ आहे, पट्टी ३७ अंशांनी कललेली आहे आणि हवेतील सर्व वाफेचे पाणी केले तर १.४ सेंटीमीटर थर भरेल इतकी वाफ आहे. यातील सुमारे ५ टक्के ऊर्जा ४०० नॅनोमीटरच्या आत, सुमारे ४३ टक्के ४०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये आणि उरलेली त्यापलीकडे असते.

१.५ या आकड्याचे कोडे येथे सुटते. अमेरिकेच्या मध्यम अक्षांशांवरील परिस्थिती नजरेसमोर ठेवून तो निवडलेला आहे. कोकणातल्या जुलै महिन्यात हवेतील वाफ या प्रमाणाच्या तिप्पट-चौपटही असते. प्रमाण ऊन हे 'सगळीकडचे ऊन' नव्हे. ती सर्वांनी मान्य केलेली एक मोजपट्टी आहे. या मोजपट्टीपासून आपल्या गावचे ऊन किती वेगळे आहे, ते आपल्यालाच मोजावे लागते.

हा फरक टक्क्या-दोन टक्क्यांचा असला तर त्याचे एवढे काय? भारतातील सौर विजेची क्षमता २०२५ मध्ये १०० गिगावॅटच्या पुढे गेली. त्याचा एक टक्का म्हणजे १००० मेगावॅट. आपल्या कोयना जलविद्युत प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट आहे. म्हणजे मोजणीतील एका टक्क्याच्या चुकीत अर्धी कोयना बसते!

करून पाहा

साहित्य : ६० वॅटचा तारेचा (फिलॅमेंटचा) दिवा, खेळण्यातील किंवा बागेतील दिव्याचा लहान सौर घट, मिलिअँपिअरमापी, तापमापक, काळी शाई आणि दोन-तीन सेंटीमीटर जाडीची चपटी काचेची बाटली.

तापमापकाच्या फुग्याला काळी शाई लावून वाळू द्या. दिव्यापासून सुमारे ३० सेंटीमीटरवर, बाजूला, तापमापक आणि सौर घट शेजारी शेजारी ठेवा. मध्ये रिकामी बाटली उभी करून घटाचा प्रवाह आणि पाच मिनिटांत तापमापक किती चढतो ते टिपा. दिवा बंद करून सर्व निवू द्या. नंतर बाटलीत थंड पाणी भरून तेच पुन्हा करा.

घटाचा प्रवाह थोडा घटेल, पण तापमापकाची चढ त्याहून पुष्कळच अधिक घटलेली दिसेल. अशा दिव्याच्या ऊर्जेपैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग ११०० नॅनोमीटरच्या पलीकडे असतो. पाणी तो भाग मोठ्या प्रमाणात शोषून घेते. काळा फुगा त्यावरच तापत होता, तर सिलिकॉनला तो नकोच होता. पाण्याने प्रकाशाची वाटणी बदलली आणि दोन उपकरणांनी दोन वेगळी उत्तरे दिली. दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. दमट हवा उन्हाचे असेच काहीसे करते.

सूचना : कोणत्याही प्रयोगात सूर्याकडे सरळ पाहू नये.

प्रश्न

१. १०० सेंटीमीटर काठीची सावली ६० सेंटीमीटर आहे. एअर मास किती?
२. एका अर्धवाहकाला इलेक्ट्रॉन सोडवण्यास १.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. त्याच्या उपयोगाची सर्वांत लांब लहर किती नॅनोमीटरची?
३. सूर्यप्रकाशात बरोबर लावून घेतलेला सिलिकॉनचा प्रकाशमापक तारेच्या दिव्याखाली एकूण वॅट बरोबर दाखवील का? कारण सांगा.

उत्तरे : (१) सुमारे १.१७. (२) सुमारे ७२९. (३) तिसऱ्याचे उत्तर वरील प्रयोगातच आहे. ते वर्गात चर्चा करून लिहून काढा.

शिक्षकांनी सावलीचा प्रयोग वर्षभर, दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, मध्यान्हीस आणि दुपारी चार वाजता करून घ्यावा व नोंदी वहीत ठेवाव्यात. शाळेत सौर पट्टी असेल, तर त्याच वेळची तिची वीजही टिपावी. आपल्या गावचे ऊन चिठ्ठीवरील उन्हापेक्षा किती निराळे आहे, याचा पहिला पुरावा त्या वहीत मिळेल.